भिशीचं नवल

बारा जणी. प्रत्येकीचे दरमहा 2,000 रुपये. पाच तारखेला 24,000 जमतात आणि ते सगळेच्या सगळे एकीला मिळतात. पुढच्या महिन्यात दुसरीला, मग तिसरीला. वर्ष संपतं तेव्हा प्रत्येकीने 24,000 भरलेले असतात आणि प्रत्येकीला 24,000 मिळालेले असतात. व्याज नाही, नफा नाही, दलाली नाही. हिशेब बरोब्बर शून्य. मग एवढा खटाटोप कशासाठी? ज्याचे त्याने आपल्या घरी साठवले असते तर काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं, आणि ते कसं हे कळलं की भिशीकडे पुन्हा साध्या नजरेने बघता येत नाही.

समजा या बाराही जणींना 24,000 चा फ्रिज घ्यायचा आहे. प्रत्येकीने आपापल्या घरी महिन्याला दोन हजार बाजूला टाकले, तर बाराही घरांत फ्रिज बाराव्या महिन्यात येईल, त्याआधी एकाही घरात नाही. भिशी लावली तर पहिलीचा फ्रिज पहिल्याच महिन्यात येतो, दुसरीचा दुसऱ्या. शेवटचीचा बाराव्या महिन्यात, म्हणजे एकटीने साठवले असते तरी ज्या महिन्यात आला असता त्याच महिन्यात. अकरा जणींना वस्तू लवकर मिळाली आणि बारावीला उशीर झाला नाही. सरासरी थांबणं बारा महिन्यांवरून साडेसहावर आलं. बाहेरून एक रुपयाही न येता!

हा फायदा आला कुठून? एकेकटीने साठवताना सहाव्या महिन्यात काय चित्र असतं ते बघा. प्रत्येकीच्या डब्यात 12,000, असे बारा डबे. 1,44,000 रुपये नुसते पडून आहेत आणि फ्रिज एकीकडेही नाही. भिशीत पैसा एक रात्रही डब्यात झोपत नाही. जमला की लगेच कुणाच्या तरी कामाला जातो. आळशी पैशाला कामाला लावणं, एवढंच ते गुपित आहे. टिमथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी या तीन अर्थशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये याचं रीतसर गणित मांडलं. आपल्याकडे ते त्याच्या कितीतरी आधीपासून स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून सुटत होतं.

आपल्याकडेच असंही नाही. इंडोनेशियात याला आरिसान म्हणतात, मेक्सिकोत तांदा, घानात सुसू, इथिओपियात इक्कुब, केरळात कुरी किंवा चिट्टी. जपानमध्ये मुजिन नावाच्या अशाच मंडळांच्या कंपन्या झाल्या आणि 1951 च्या कायद्याने त्या कंपन्यांच्या बँका झाल्या. केरळ सरकारने तर 1969 मध्ये चिट्टी चालवायला स्वतःची कंपनीच काढली. क्लिफर्ड गिअर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने 1962 मध्ये लिहिलं होतं की ही मधली पायरी आहे, बँका आल्या की ती मागे पडेल. बँका आल्या, एटीएम आलं, फोनवरून पैसे जाऊ लागले. भिशीवाल्यांनी काय केलं? व्हॉट्सॲपचा ग्रुप केला आणि वर्गणी यूपीआयने घ्यायला सुरुवात केली.

आता खरं कोडं. पहिल्याच महिन्यात जिला 24,000 मिळाले तिने पुढचे अकरा हप्ते का भरावेत? तारण नाही, सही नाही, जामीन नाही. पैसे उचलून ती स्वस्थ बसली तर?

सहसा बसत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर डबा उघडायचा असतो. ऑफिसातली भिशी एकदा लक्ष देऊन बघा. जेवणाची सुट्टी. भाजीच्या देवाणघेवाणीनंतर एक लांबट वही निघते. उभ्या रकान्यात नावं, आडव्या रकान्यात महिने, भरलेल्या हप्त्यापुढे बरोबरची खूण. ज्यांना भिशी लागून गेली त्यांच्या नावाभोवती गोल, आणि त्यांची चिठ्ठी डब्यात टाकायची नाही. उरलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उलगडून दाखवायच्या, पुन्हा घड्या घालायच्या, डबा हलवायचा आणि ज्याचा भिशीशी संबंध नाही अशा कुणाला तरी, बहुतेक वेळा चहा आणणाऱ्या पोराला, एक उचलायला सांगायची. बँकेतलं ऑडिट याहून फार वेगळं नसतं.

अलिखित नियम तर आणखी बारीक. पहिली भिशी चालवणारीची, कारण वसुलीची कटकट आणि कुणी थकवलं तर पदरचे भरायची जोखीम तिचीच. नव्याने आलेल्याचा नंबर शेवटाकडे, माणूस कळेपर्यंत. कुणाच्या घरी लग्न किंवा ऑपरेशन निघालं तर नंबर अदलाबदल करून मिळतो, पण त्यासाठी तोंड उघडून विचारावं लागतं. आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा नियम म्हणजे साहेबाला भिशीत घ्यायचं नाही. चार दिवस हप्ता थकला तर त्याच्या केबिनमध्ये जाऊन “साहेब, भिशीचे राहिलेत” असं म्हणणार कोण? ज्याच्याकडे हक्काने पैसे मागता येत नाहीत त्याच्याबरोबर भिशी चालत नाही. व्यवस्थापनाच्या शिबिरांत सहकाऱ्यांशी स्पष्ट बोलायला शिकवतात. ती कला शिकायची तर वर्षभर भिशी चालवून बघावी.

मनावरच्या ताणाशी याचं नातं तर आणखी चकित करणारं आहे. 2013 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. तामिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात आखडता असताना, आणि पुन्हा तोडणीनंतर पैसे हातात आल्यावर त्याच प्रकारची बौद्धिक कोडी दिली. माणसं तीच. पैसे आल्यावर त्यांनी ती कोडी स्पष्टपणे जास्त चांगली सोडवली. पैशाची ओढाताण डोक्यातली जागा अडवून बसते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. म्हणजे महिनाअखेरीला आपण चिडचिडे होतो, बेरजा चुकतात, सहकाऱ्यावर उगाच डाफरतो, त्यात स्वभावाचा दोष आपण समजतो तेवढा नसावा. ‘सहा महिन्यांनी एक ठोक रक्कम येणार आहे’ हे माहीत असणं ही यावरची अगदी स्वस्तातली मात्रा आहे.

शिवाय भिशी पैशाला कुंपण घालते. घरात साठवलेल्या दोन हजारांवर सगळ्यांचा डोळा असतो, त्यात आपला स्वतःचाही आला. नैरोबीतल्या किबेरा वस्तीतल्या अशा मंडळांवर 2002 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बायका या मंडळांत येतात त्यामागे नवऱ्याच्या खर्चापासून बचत वाचवणं हे मोठं कारण आहे. आपल्याकडच्या कुठल्याही चाळीत हे निबंधाशिवाय कळलं असतं. “पैसे नाहीत” म्हटलं की भांडण होतं. “भिशीचे द्यायचेत” म्हटलं की विषय संपतो.

भिशीचा एक बेरकी भाऊही आहे, लिलावाची भिशी. दहा जण, पाच-पाच हजार, जमा 50,000. ज्याला निकड जास्त तो म्हणतो, “मी आठ हजार सोडतो.” तो 42,000 घेऊन जातो आणि सोडलेले 8,000 दहा जणांत वाटले जातात, प्रत्येकी 800. जूनमध्ये शाळांच्या फिया असतात तेव्हा बोली चढते, निवांत महिन्यात उतरते. शेवटी राहणाऱ्याला कुणाशी बोली लावावीच लागत नाही. त्याला पुरे 50,000 मिळतात आणि मधल्या महिन्यांतले वाटे वरकमाई. त्याला व्याज मिळालं आणि आठ हजार सोडणाऱ्याने ते भरलं. दर रिझर्व्ह बँकेने ठरवला नाही, खोलीतल्या गरजेने ठरवला.

गुण गाताना वजाबाकीही सांगायला हवी. साध्या भिशीत शेवटच्या नंबराला व्याज मिळत नाही. तेच 2,000 दरमहा साडेसहा टक्क्यांनी आवर्ती ठेवीत टाकले असते तर वर्षाला साडेआठशेच्या आसपास रुपये सुटले असते. ती शिस्तीची फी समजावी, आणि ती मला तरी महाग वाटत नाही. खरा धोका वर्तुळ वाढलं की सुरू होतो. बारा जण एकमेकांना ओळखतात, साठ जण फक्त भिशी चालवणाऱ्याला ओळखतात. ज्या डोळ्याला डोळा देण्यावर सगळं उभं आहे तेच तिथे उरत नाही. 1982 च्या चिट फंड कायद्याने नोंदणी आणि निबंधकाची देखरेख आणली ती अशा मोठ्या, धंदा म्हणून चालणाऱ्या भिश्यांसाठी लागतेच. जमा पैसा दर महिन्याला पूर्ण वाटला जाण्याऐवजी कुणा एकाकडे साठत असेल आणि वर ‘दामदुप्पट’चा शब्द असेल, तर नाव भिशीचं असलं तरी ती भिशी नव्हे.

तेव्हा ऑफिसात वही फिरायला लागली तर नाव घालण्याआधी दोन गोष्टी तपासा. आपला नंबर शेवटचा आला तर चालेल का, आणि पहिला आला तर उरलेले अकरा हप्ते, मधेच नोकरी बदलली तरी, आपण भरू का. दोन्हींना मनापासून ‘हो’ म्हणता येत असेल तर खुशाल चिठ्ठी टाका. नाहीतर पोस्टाची आवर्ती ठेव दरमहा 100 रुपयांपासून सुरू करता येते.