चौकटीबाहेरच्या टी-पेशी

नेहमीची टी-पेशी जंतूच्या प्रथिनाचा तुकडा एमएचसी रेणूवर मांडलेला असेल, तरच तो ओळखते. अपारंपरिक टी-पेशींना ही अट नाही. संसर्ग होताच त्या काही तासांत कामाला लागतात.

• मेट पेशी : अनेक जिवाणू ब-२ जीवनसत्त्व तयार करतात. त्या प्रक्रियेतले अंश एमआर-१ रेणूवर दिसले की या जाग्या होतात. यकृतात त्या विपुल.

• एनकेटी पेशी : सीडी-१डी रेणूवरचे स्निग्ध पदार्थ ओळखतात. दाह वाढवणारे आणि आवरणारे, दोन्ही संदेश देतात.

• गॅमा-डेल्टा पेशी : माणसाच्या रक्तातील टी-पेशींत साधारण १ ते १० टक्के. क्षय आणि हिवतापाच्या जंतूंतील फॉस्फेटयुक्त रेणूंना प्रतिसाद देतात. वासरांत मात्र हे प्रमाण निम्म्याहूनही जास्त असू शकते. वय वाढते तसे ते घटते.

दुहेरी भूमिका : खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या गटाने कर्करोगातील गॅमा-डेल्टा पेशी अभ्यासल्या. या पेशी गाठीवर हल्ला करतात; पण पित्ताशयाच्या कर्करोगात त्यांचा आयएल-१७ स्रवणारा प्रकार गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतो, असे २०१६ मध्ये या गटाने दाखवले.