चंचल मेंदू आणि खेळाचे मैदान

१३ ऑगस्ट २००८. बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीची अंतिम फेरी सुरू होती. अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सने पाण्यात सूर मारला आणि थोड्याच वेळात त्याच्या पोहण्याच्या चष्म्यात पाणी शिरू लागले. शर्यतीच्या अखेरीस तर त्याला समोरची भिंतही दिसेना. मग त्याने काय केले? आपण किती वेळा हात मारले, हे तो मोजू लागला. तलावाच्या एका लांबीला आपल्याला किती हात मारावे लागतात, हे त्याला सरावाने पाठ होते. त्या हिशेबाने त्याने भिंत गाठली, चष्मा काढला आणि फलकाकडे पाहिले. १ मिनिट ५२.०३ सेकंद! सुवर्णपदक तर मिळालेच, शिवाय नवा जागतिक विक्रमही झाला होता.

काही दिसत नसताना, छाती धपापत असताना, शांतपणे आकडे मोजत राहायला केवढी एकाग्रता लागत असेल! आणि आता गंमत पाहा. हाच फेल्प्स नऊ वर्षांचा असताना त्याला ‘एडीएचडी’ असल्याचे निदान डॉक्टरांनी केले होते. हा मुलगा कशावरच लक्ष केंद्रित करू शकणार नाही, असे शाळेतून त्याच्या आईला ऐकावे लागले होते. एकाच मुलाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी कशा काय घडल्या?

लक्ष कमी, की लगाम ढिला?

एडीएचडी म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता. जगातील शंभर मुलांपैकी सुमारे पाच मुलांत ती आढळते. अशा मुलाला एका जागी बसवत नाही, हातातले काम अर्धवट राहते, वस्तू हरवतात, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर तोंडातून निसटते. यात आईबापांच्या लाडाचा दोष नसतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून असे दिसून आले आहे, की यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे.

आपल्या मेंदूतील चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि ती ओलांडून निरोप नेण्याचे काम काही रासायनिक पदार्थ करतात. डोपामीन आणि नॉरॲड्रेनॅलिन हे त्यांपैकी दोन. ‘हे काम महत्त्वाचे आहे, याला चिकटून राहा’ अशा प्रकारच्या निरोपांत त्यांचा मोठा वाटा असतो. एडीएचडी असलेल्या मुलांत ही निरोपयंत्रणा थोड्या वेगळ्या रीतीने चालते.

म्हणून नावात ‘उणीव’ हा शब्द असला, तरी तो थोडा फसवा आहे. समजा, अंधारात तुमच्या हाती एक बॅटरी आहे. तिचा प्रकाश भरपूर आहे, पण ती धरणारा हात सारखा हलतो आहे. एडीएचडीत अडचण असते ती या हाताची. मन रमेल असे काम मिळाले, की तोच प्रकाश एका जागी बराच वेळ टिकू शकतो.

वर्ग आणि तलाव

आता वर्ग आणि पोहण्याचा तलाव यांची तुलना करून पाहा. वर्गात तासन् तास बसून राहायचे असते आणि आपले बरोबर आले की चूक, हे चाचणीच्या निकालापर्यंत कळत नाही. तलावात शरीर सतत हालत असते. लक्ष्य जवळचे आणि स्पष्ट असते, ते म्हणजे समोरची भिंत. भिंतीला हात लावताच घड्याळ निकाल सांगते. फेल्प्स अकरा वर्षांचा असल्यापासून बॉब बोमन या प्रशिक्षकाने त्याच्या दिवसाला काटेकोर शिस्त लावून दिली. त्याची एकूण २८ ऑलिंपिक पदके, त्यांपैकी २३ सुवर्ण, ही त्या वर्षानुवर्षांच्या कष्टांची फळे आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘एडीएचडी असल्यामुळे पदक मिळाले’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ही घडण असलेली बहुसंख्य मुले ऑलिंपिकला जात नाहीत आणि ऑलिंपिकला जाणाऱ्या बहुसंख्य खेळाडूंत ती नसते. एवढेच म्हणता येईल, की एखादा गुणधर्म अडचणीचा ठरेल की नाही, हे काम कोणते आणि परिस्थिती कशी, यांवरही अवलंबून असते.

याचे दुसरे उदाहरण फुटबॉलच्या मैदानावर सापडते. अमेरिकेचा गोलरक्षक टिम हॉवर्ड याला लहानपणापासून ‘टुरेट’ हा विकार आहे. त्यात शरीराला आपोआप झटके बसतात, डोळे मिचकावले जातात, घशातून आवाज निघतात. २००३ मध्ये तो मँचेस्टर युनायटेड या संघात आला, तेव्हा इंग्लंडमधील काही वृत्तपत्रांनी त्याची कुचेष्टा केली. पण हॉवर्ड सांगतो, की चेंडू गोलाजवळ आला की त्याचे झटके थांबतात. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याने पंधराहून कमी नाहीत इतके फटके अडवले. अमेरिका १–२ अशी हरली, तरी त्या सामन्याचा नायक म्हणून लोकांच्या लक्षात राहिला तो हॉवर्डच.

औषध की उत्तेजक?

आता एक अवघड प्रश्न. एडीएचडीवर ‘मिथाइलफेनिडेट’ हे औषध दिले जाते. चेतापेशींमधल्या फटीत आलेले डोपामीन आणि नॉरॲड्रेनॅलिन पेशी परत शोषून घेतात. हे औषध ते शोषण रोखते, त्यामुळे निरोप अधिक ठळकपणे पोहोचतो. परंतु हाच पदार्थ उत्तेजकही आहे. म्हणून स्पर्धेच्या काळात तो घेण्यास जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजेच ‘वाडा’ने, बंदी घातली आहे. मग ज्याला त्याची खरोखर गरज आहे, त्या खेळाडूने काय करावे?

त्यासाठी ‘उपचारार्थ सूट’ असा नियम आहे. खेळाडूने वैद्यकीय पुरावे सादर करायचे आणि तज्ज्ञांनी ते तपासायचे. आजाराचे निदान पक्के आहे काय? औषधाने खेळाडू नेहमीच्या प्रकृतीवर येतो, की त्याहून अधिक बळ मिळवतो? बंदी नसलेला दुसरा योग्य उपाय आहे काय? या कसोट्यांना उतरल्यावरच सूट मिळते.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने रिओ ऑलिंपिकमध्ये, २०१६ साली, चार सुवर्णपदके आणि एक कांस्यपदक जिंकले. त्यानंतर महिन्याभरातच संगणकचोरांनी वाडाच्या नोंदी फोडल्या आणि तिच्या औषधाची खाजगी माहिती जगजाहीर केली. हेतू उघड होता. तिच्या पदकांवर संशयाचा डाग पाडायचा. पण तिने रीतसर परवानगी घेतलेली होती आणि कोणताही नियम मोडला नव्हता. आपल्याला लहानपणापासून एडीएचडी आहे आणि त्यासाठी औषध घेण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, असे तिने उघडपणे जाहीर केले. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती.

काहींना अशी सूट म्हणजे पक्षपात वाटतो. पण आपल्या दहावीच्या परीक्षेतही डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला जादा वेळ मिळतो. प्रश्नपत्रिका तीच असते आणि उत्तरही त्यालाच लिहावे लागते. चष्मा लावून बसलेल्या मुलावर आपण कॉपीचा आरोप करत नाही ना? चष्मा उत्तर सांगत नाही, तो फक्त अक्षर दिसू देतो.

एडीएचडी, टुरेट, डिस्लेक्सिया, स्वमग्नता या साऱ्या मेंदूच्या वेगळ्या घडणीच्या तऱ्हा आहेत. त्या असलेल्या प्रत्येक मुलाने पदक आणलेच पाहिजे, अशी अट घालणे म्हणजे त्याच्यावर नवे ओझे टाकणे होय. पदक न मिळवणाऱ्यालाही आपल्या मेंदूला साजेशी रीत मिळायला हवी. तुमच्या वर्गातही असा एखादा चुळबुळ्या मित्र असेल. ‘याचे लक्ष का नसते?’ हे सगळेच विचारतात. तुम्ही आठवडाभर बारकाईने पाहा आणि याचे लक्ष कधी असते, ते वहीत टिपून ठेवा. ती नोंद तुमच्या शिक्षकांना आणि त्या मित्रालाही उपयोगी पडेल.