रंगांचे अंक आणि अर्नाळ्याचा किनारा

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलींत उभा राहणारा मनुष्य समोर पाहतो, तेव्हां वाळू, पाणी आणि पलीकडच्या बेटावरील किल्ला त्याला एकाच दृष्टिक्षेपांत निरनिराळे दिसतात. मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांपासून जिंकलेला हा जलदुर्ग वैतरणा नदीच्या मुखाशीं आहे. पावसाळ्यांत नदी गाळ घेऊन येते आणि समुद्राचें पाणी वाळूच्याच रंगाचें होतें. तरी पाणी कोठें संपतें आणि जमीन कोठें लागते, हें कोळ्याच्या लहान पोरालाही शिकवावें लागत नाहीं. आकाशांतून घेतलेल्या चित्रांत हीच सीमा संगणकाकडून शोधून घ्यावयाची झाल्यास मात्र प्रकार निराळा होतो. संगणकाला वाळू ठाऊक नाहीं, पाणी ठाऊक नाहीं. त्याला केवळ अंक ठाऊक आहेत.

रंगीत चित्र म्हणजे पिक्सेल नांवाच्या बारीक चौकोनांची मांडणी होय. साध्या चित्रांतील प्रत्येक पिक्सेलापाशीं तीन अंक असतात: एक तांबड्या रंगाचा, एक हिरव्याचा, एक निळ्याचा. या तीन घरांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत असतो. समजा, कोरड्या वाळूच्या एका पिक्सेलाचे अंक २१०, १९० आणि १५० आहेत. स्वच्छ समुद्राच्या पिक्सेलाचे ७०, ११० आणि १२० आहेत. आतां संगणकाला अशी अट घालतां येईल कीं, तांबडा १४० हून अधिक असावा आणि तांबड्यांतून निळा वजा केल्यास निदान ३० उरावे. वाळू या अटींत बसते, समुद्र बसत नाहीं.

पायथन भाषेंत, नमपाय या साधनाच्या साह्यानें, ही अट एकाच ओळींत साऱ्या चित्राला लावतां येते. उत्तर म्हणून चित्राएवढाच दुसरा तक्ता मिळतो; त्यांत प्रत्येक पिक्सेलापुढें केवळ ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असतें. यालाच मास्क म्हणतात. दाराशीं रांगोळी काढण्याचा भोंकांचा छाप ज्यांनीं वापरला आहे, त्यांना हें सहज कळेल. भोंक असेल तेथेंच रांगोळी पडते, बाकीची जमीन झांकलेली राहते. मास्कांत ‘होय’ असेल तेथील रंग ठेवावयाचा, ‘नाहीं’ असेल तेथें काळा भरावयाचा, कीं चित्रांत वाळू तेवढी उरते. सुरूच्या बनाला ही अट लागू पडणार नाहीं. त्यासाठीं हिरव्याची दुसरी अट करून दोन्ही मास्क ‘किंवा’ या शब्दानें जोडावे लागतात.

येथें नवशिक्याच्या हातून दोन चुका हटकून होतात. ओपनसीव्ही नांवाचें प्रसिद्ध साधन चित्र वाचतांना अंकांचा क्रम उलटा ठेवतें. निळा पहिला, तांबडा शेवटचा. हें ध्यानांत न घेतल्यास वाळूचा तांबडा अंक निळा समजला जातो आणि सारी वाळू मास्कांतून नाहींशी होते. दुसरी चूक याहून फसवी आहे. २५५ पर्यंतच मोजणाऱ्या घरांत उणे अंकाला जागा नसते. घड्याळाचा कांटा एकाच्या मागें गेला कीं बारावर येतो, तसाच येथें शून्याच्या मागें २५५ येतो. लाटेच्या फेसाचे अंक २००, २१० आणि २२० असल्यास २०० वजा २२० याचें उत्तर उणे २० न येतां २३६ येतें, आणि फेस हा वाळू म्हणून गणला जातो. म्हणून वजाबाकीपूर्वीं अंक मोठ्या घरांत हलवून घ्यावेत.

परंतु हिशेब बिनचूक झाला तरी मुख्य अडचण उरतेच. गढूळ पाण्याचे अंक १६५, १४५ आणि ११० असले, तर तें अटींत बसून जमीन ठरतें. तांबड्याची मर्यादा १८० केली, तर गढूळ पाणी वगळलें जातें खरें, पण १५० वर असलेली ओली वाळूही त्याबरोबर जाते. तीन रंगांना येथें निवाडा करतां येत नाहीं. म्हणून उपग्रह चौथाही अंक मोजतात, तो डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा. हा प्रकाश पाणी बहुतांशीं शोषून घेतें. वाळू व झाडें तो परत पाठवितात. हिरव्या अंकांतून अवरक्त अंक वजा करून त्या दोहोंच्या बेरजेनें भागावें, ही रीत मॅक्फीटर्स यांनीं १९९६ सालीं मांडली. उत्तर शून्याहून अधिक आल्यास सामान्यतः पाणी समजतात. गाळ फार असल्यास ही मर्यादाही तपासून हलवावी लागते.

युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेंतील पहिला उपग्रह २०१५ सालीं गेला. त्याच्या दृश्य व या अवरक्त चॅनेलांतील एक पिक्सेल भूमीवरील १० मीटर लांबी-रुंदीचा असतो; म्हणजे ‘होय’ असे १०० पिक्सेल मोजले कीं एक हेक्टर जमीन झाली. समुद्र बेटाचा कांठ खातो, ही अर्नाळ्याच्या कोळी कुटुंबांची चिंता आहे. त्यामुळें ही मोजणी केवळ विद्यार्थ्याची करमणूक राहत नाहीं. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक असल्यास पाणी दोन मीटर चढतांच कांठाची रेषा १०० मीटर, म्हणजे १० पिक्सेल, आंत सरकते. एक चित्र ओहोटीचें आणि दुसरें भरतीचें घेऊन कोणीं तुलना केली, तर न बुडालेली जमीन बुडाली असें दिसेल. चित्रांचा क्रम उलटा असेल, तर खरोखर गेलेली जमीन जाग्यावर आहे असेंही दिसेल. दुसऱ्या चुकीनें ज्याचें घर कांठाशीं आहे, त्याचें गाऱ्हाणें खोटें ठरतें.

म्हणून किनाऱ्याचा नकाशा कोणीं पुढें केला, तर जाणत्या मनुष्यानें त्यास दोन प्रश्न विचारावे: मर्यादेचा अंक कोणता धरला, आणि चित्र घेतलें तेव्हां भरती होती कीं ओहोटी? संगणक ‘होय’ आणि ‘नाहीं’ एवढेंच सांगतो. ‘होय’ कशाला म्हणावयाचें हें त्याला माणसानेंच सांगितलेलें असतें, आणि त्याचा जाबही माणसानेंच द्यावयाचा असतो.