गहू न सोसणाऱ्या मुलाचे संगोपन

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. वैनगंगेच्या काठापासून सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीपर्यंत बांध्यांत धान, तलावाच्या पाण्यावर धान, आणि पाण्याची सोय असेल तेथे उन्हाळ्यातही धानच. आपल्या वाडवडिलांच्या ताटात रोज भात होता आणि पोळी सणावारी. आता तसे राहिलेले नाही. रेशनचा गहू घरोघरी आला, चहाबरोबर बिस्किट आले, बाजाराच्या दिवशी मुलांच्या हाती मैद्याचा समोसा आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गहू हे चांगले धान्य आहे. परंतु काही मुले अशी असतात की त्यांना गव्हाचा एक घासही सोसत नाही. अशा मुलांच्या आईवडिलांसाठी, आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे पण दुखणे ओळखले गेलेले नाही त्यांच्यासाठी, हे चार शब्द लिहीत आहे.

शेतीखात्याच्या माणसाने दुखण्यावर कशाला लिहावे, असे तुम्ही म्हणाल. या आजाराचे नाव सिलिॲक. त्याचे निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. पण त्यावर आजतरी औषधाची गोळी नाही. जो उपाय आहे तो धान्याच्या कोठीत, जात्यावर आणि चुलीपाशी आहे, आणि धान्य हा तर आपला सर्वांचाच विषय.

भगिनींना एक गोष्ट ठाऊक आहे. गव्हाची कणीक भिजवून मळली की ती ताणली जाते, लाटली की पसरते. तांदळाच्या पिठाचे तसे होत नाही, म्हणून त्याची उकड काढावी लागते. हा फरक ज्यामुळे पडतो, तो गव्हातील चिवट प्रथिनांचा भाग म्हणजे ग्लुटेन. जवातही तशीच प्रथिने असतात. सिलिॲक असलेल्या मुलाच्या पोटात ग्लुटेन गेले की त्याचे शरीर शत्रू समजून त्यावर तुटून पडते आणि त्या झटापटीत स्वतःच्याच आतड्याची नासाडी करते. आतड्याच्या आतून मखमलीसारखी बारीक लव असते. खाल्लेल्या अन्नाचा कस तीच शोषून घेते. ती लव झडते. रोपाची केसमुळे जळाली तर बांधीत कितीही युरिया टाका, रोप पिवळेच राहणार. तसेच हे आहे. मूल खाते, पण अंगी लागत नाही.

लक्षणे अशी. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्यांसारखे. महिनोन्महिने पातळ, फिकट, तेलकट आणि फार घाण वासाची शौच. मूल किरकिरे होते, उंची थांबते, चेहरा पांढरा पडतो. मात्र प्रत्येक मुलात सगळी लक्षणे दिसतातच असे नाही. काहींना जुलाब होतच नाहीत, उलट मलावरोध असतो. काहींचे फक्त रक्त कमी असते आणि लोहाच्या गोळ्या देऊनही ते वाढत नाही. आपल्या पूर्व विदर्भात मूल पांढरे दिसले की सिकलसेलची तपासणी करतात, जंताचे औषध देतात. ते योग्यच आहे आणि आधी तेच व्हावे. पण सिकलसेल नाही, जंत नाहीत, क्षय नाही, आणि तरीही मूल वाळतच चालले आहे, तर डॉक्टरांना आपण होऊन विचारावे, ‘गव्हाचे तर काही नसेल?’ नजर उतरविण्यात आणि अंगारे-धुपारे करण्यात जे दिवस जातात, ते मुलाच्या वाढीतून वजा होतात.

हा आजार फार दुर्मीळ आहे असेही समजू नये. दिल्लीच्या परिसरात झालेली एक मोठी पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत साधारण शंभर माणसांत एकास हा आजार आढळला. भात खाणाऱ्या दक्षिणेत प्रमाण त्याहून पुष्कळ कमी आहे. आपण भात खाणारे, पण आता गहूही खाणारे, म्हणजे दोहोंच्या मधले.

येथे एक सूचना अगदी महत्त्वाची आहे. संशय आला म्हणून आपल्या मनाने गहू बंद करू नका. आधी तपासणी होऊ द्या. रक्ताची एक तपासणी असते आणि गरज वाटल्यास दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहतात. मूल गहू खात असतानाच या तपासण्या खऱ्या येतात. दोनचार महिने गहू सोडून मग गेलात तर रक्त निर्दोष दिसू शकते आणि निदान हुकू शकते. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथील बालरोग विभागात प्रथम दाखवावे. पुढे गरज पडली तर नागपूर रेल्वेने काही तासांवर आहे. निदान झाले की मात्र गहू बंद, आणि तो जन्मभरासाठी बंद. बरे वाटले म्हणून पुन्हा सुरू करता येत नाही.

गव्हाचा हा दोष जगाला कळला तोही एका मोठ्या उपासमारीमुळे पक्का झाला. हॉलंड देशात विलेम कारेल डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. पाव बंद केला की अशी मुले सुधारतात, हे त्यांच्या लक्षात दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच येऊ लागले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव दिसेनासा झाला. धडधाकट माणसे भुकेने खंगत असताना ही आजारी मुले मात्र सावरू लागली. पुढे पाव मिळू लागताच ती पुन्हा खालावली. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध मांडला. त्यापूर्वी अमेरिकेत अशा मुलांना नुसती केळी चारीत असत आणि ती सुधारत. गुण केळ्याचा आहे असा समज कित्येक वर्षे चालला. खरे कारण एवढेच होते की केळी खाणाऱ्या मुलाच्या ताटात पाव नव्हता.

आता आपल्या घरातले पाहू. आमगाव तालुक्यातील एका खेड्यात माझे कामानिमित्त जाणे असते. तेथील एका अल्पभूधारक कुटुंबातील चार वर्षांच्या मुलीस हा आजार निघाला. घरच्यांनी पोळी बंद केली, तरी तीन महिन्यांत फरक दिसेना. आई रडकुंडीस आली. चौकशी करता दोन गोष्टी निघाल्या. मुलीसाठी तांदळाचे पीठ गावच्या गिरणीतून दळून येत होते, आणि त्या पात्यातून आधी सबंध दिवस गहूच निघत होता. दुसरी गोष्ट आजीची. नात मागते म्हणून ती रोज बिस्किटाचा एवढासा तुकडा देत असे. ‘एवढ्याशा तुकड्यानं का होते, साहेब? लेकरू तोंडाकडं पाहते, त नाही म्हणवत नाही,’ असे ती म्हणाली. तिच्या मायेत खोट नव्हती. तिला कोणी नीट समजावून सांगितलेच नव्हते. पुढे माळ्यावरचे जाते खाली आले आणि ते फिरविण्याचे काम आजीनेच अंगावर घेतले. त्या मुलीचा दिवाळीचा फ्रॉक होळीला आखूड झाला.

‘एवढ्याशा तुकड्याचा’ हिशेब सांगतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेले तरी काही महिन्यांत आतड्यास इजा होते असे आढळले आहे. एवढे ग्लुटेन साधारण अर्धा ग्रॅम गव्हाच्या पिठात असते. म्हणजे चिमूटभर पीठ. पोळपाटाच्या चिरेत, चाळणीच्या जाळीत आणि पीठ मळणाऱ्या हाताच्या नखात तेवढे सहज राहते.

म्हणून मुलासाठी पोळपाट, लाटणे, चाळणी व परात वेगळी ठेवावी. लाकडी वस्तू धुऊन भागत नाही. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात मुलाचे पापड तळू नयेत. गव्हाचा डबा खालच्या फळीवर आणि मुलाचे पीठ वरच्या फळीवर असावे, म्हणजे वरून काही सांडणार नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर मूल लहान आहे तोवर घरातूनच गहू हद्दपार करणे सोपे जाते. पंजाबातील आईला हे कठीण आहे, आपल्याला नाही. आपली चूल भातावर चालते.

दळणाचे म्हणाल तर जाते उत्तम. ते नसेल तर बचत गटातील भगिनींनी विचार करावा. गटाची एखादी लहान गिरणी फक्त तांदूळ, ज्वारी आणि नाचणीसाठी राखून ठेवली तर अशा मुलांची सोय होईल, आणि तांदळाच्या स्वच्छ पिठाला गिऱ्हाईकही मिळेल. गावच्या गिरणीतच दळणे भाग असेल तर गिरणी झाडून-पुसून घ्यावी आणि पहिले दोनतीन किलो पीठ घरच्या मोठ्या माणसांसाठी बाजूला काढावे. तरीही हा दुय्यम उपाय आहे हे लक्षात ठेवावे.

शेतातही थोडे लक्ष हवे. एकाच मळणी यंत्रातून गहू आणि हरभरा काढला की हरभऱ्यात गव्हाचे दाणे येतात. मुलाच्या वाट्याचा हरभरा व मूग गव्हाच्या आधी काढावा किंवा हाताने झोडपून घ्यावा. बाजारातून ज्वारी-मका आणली तर निवडावी, धुवावी, उन्हात वाळवावी आणि मगच दळावी. दुकानदाराचे माप सगळ्या ढिगांत फिरत असते.

मला नेहमी विचारतात की देशी गहू चालेल का, खपली चालेल का, खत-औषध न घातलेला चालेल का. नाही. लोक-१ असो, शरबती असो की खपली, गहू तो गहूच. दोष युरियाचा नाही, दाण्यातल्या प्रथिनाचा आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया आणि पाव ही सर्व त्याचीच रूपे. कुरडईत गव्हाचा चीक असतो, तीही नको. जवाचे सातूचे पीठ आणि डब्यातल्या माल्टच्या पावडरी वर्ज्य. आणि एक चोरटा शत्रू सांगतो. बाजारच्या खड्या-पुडीच्या हिंगात पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. वरणाला लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी, हिंगावाचून अडत नाही. पुड्यावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहायचे असेल तर आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. पण असे पुडे महाग असतात आणि आपल्याला त्यांची फारशी गरजही नाही.

काय चालते याची यादी मोठी आहे. भात, पोहे, मुरमुरे, तांदळाची भाकर, तांदळाच्या पिठाचे धिरडे, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, कोदो, कुटकी, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. सर्व डाळी, घरी दळलेले बेसन, दूध, अंडी, तलावातली मासळी, भाज्या, फळे. परंतु नुसत्या पांढऱ्या भातावर मूल वाढवू नये. आतडे आधीच उपाशी आहे, त्याला लोह आणि प्रथिने हवीत. भातात मुगाची डाळ असावी, आठवड्यातून तीनचारदा नाचणीची आंबील, शेवग्याचा पाला, शेंगदाणा-गुळाचा लाडू. तांदूळ उसना किंवा कमी पॉलिशचा असला तर बरे. लाखोरीची डाळ मात्र रोजचे अन्न म्हणून देऊ नका. ती सतत आणि भरपूर खाल्ल्याने पाय लुळे पडतात हे आपल्या भागाला नवीन नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत दूधही न पचण्याचा संभव असतो. तसे दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस थांबवावे, आतडे भरून आले की बहुधा पुन्हा पचते. इतर कोणत्याही दुखण्यासाठी औषध घेताना या आजाराची कल्पना द्यावी, कारण काही गोळ्यांत गव्हाचे पिष्ट वापरलेले असते.

घरापेक्षा बाहेर सांभाळणे अवघड. अंगणवाडीच्या सेविकाताईंना आणि शाळेच्या गुरुजींना चिठ्ठी लिहून द्या. शाळेतली तांदळाची खिचडी मुलास चालू शकते, फक्त स्वयंपाक करणाऱ्या बाईंना हिंग-मसाल्याचे विचारून घ्यावे. घरपोच आहाराच्या पाकिटावरील घटक वाचावेत, गहू असेल तर ते पाकीट त्या मुलाचे नव्हे. पंधरा ऑगस्टला बिस्किटाचा पुडा किंवा जिलेबी वाटतात. त्या दिवशी मुलाच्या खिशात आधीच चिक्की असावी. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मुले घरोघर जातात तेव्हा कोण काय हातावर ठेवील याचा नेम नसतो. शेजारणींना आदल्या दिवशी सांगून ठेवा की आमच्या लेकराला खाऊऐवजी नाणे द्या. बोजारा मिळाल्याचा आनंद त्यात कमी होत नाही. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो. प्रसाद नाकारला म्हणून देव कोपत नाही, फळ घ्यावे. दिवाळीत शंकरपाळी नको, पण अनारसे आहेत, तांदूळ-बेसनाची घरची चकली आहे. होळीला पुरण वाटीत घालून तूप सोडून द्या.

मुलगी असली म्हणजे लोक आजार लपवितात, पुढे लग्नाचे कसे होईल म्हणून. लपविल्याने पंगतीत तिला पोळी वाढली जाते आणि ती मुकाट्याने खाते. हा आजार संसर्गाचा नाही, आणि गहू वर्ज्य केलेली मुलगी शेतात, शाळेत, संसारात कोठेही मागे राहत नाही. पाच-सहा वर्षांचे मूल स्वतःच ‘मला गहू चालत नाही’ म्हणू लागते. त्याला तसे म्हणायला शिकवा, आणि म्हटल्यावर घरच्या मोठ्यांनी हसू नये.

पथ्य सुरू झाल्यावर काही आठवड्यांत भूक वाढते आणि किरकिर कमी होते. वजन आधी वाढते, उंची मागून. रक्तातील खूण खाली येण्यास मात्र पुष्कळ महिने, कधी वर्षाहूनही अधिक लागतात, म्हणून डॉक्टर सांगतील त्या तारखेस तपासणीला जावे आणि कागद जपून ठेवावेत. दर महिन्यास अंगणवाडीच्या काट्यावर वजन घेऊन वहीत लिहावे. आणि आजार घराण्यात उतरतो म्हणून त्या मुलाच्या भावंडांचे रक्त, ती धडधाकट दिसत असली तरी, एकदा तपासून घ्यावे. आईवडिलांनीही स्वतःचे तपासून घ्यावे.