उजव्या हाताचं औषध

मित्रांनो, दोन्ही हात समोर धरा. उजवा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर ठेवा. बोटं बोटांवर आली, पण अंगठे? ते विरुद्ध दिशांना! एक हात म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. पण दोन्ही सारखे नाहीत.

काही रेणूही असेच डावे-उजवे असतात. त्यांना कायरल रेणू म्हणतात. हा शब्द हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. कार्व्होन नावाच्या पदार्थाचा एक ‘हात’ पहाडी पुदिन्यात असतो, तर दुसरा बाळंतशेपांत. दोघांचे अणू तेच, पण वास किती वेगळा! आपल्या नाकाला हा फरक कळतो, तसा शरीरालाही कळतो. म्हणून औषध बनवताना योग्य हाताचाच रेणू हवा.

मधुमेहावरचं सिटाग्लिप्टिन हे औषध घ्या. अमेरिकेत त्याला २००६ साली मान्यता मिळाली. त्याच्या रेणूत अमाइन, म्हणजे अमोनियाच्या कुळातला नायट्रोजनचा गट असतो. तो ठरावीक बाजूनेच बसायला हवा. आधी त्यासाठी ऱ्होडियम हा दुर्मीळ, महाग धातू आणि भरपूर दाबाखालचा हायड्रोजन वापरत.

मग शास्त्रज्ञांना आठवली विकरं. सजीवांच्या शरीरातल्या रासायनिक क्रिया झटपट घडवणारी ही प्रथिनं. त्यांतलं ट्रान्सअमिनेज एका रेणूचा अमाइन गट काढून दुसऱ्याला देतं. आजोबांच्या रक्ततपासणीच्या कागदावर ‘एसजीपीटी’ लिहिलेलं असतं ना? तेही एक ट्रान्सअमिनेजच!

पण अडचण अशी, की जिवाणूतल्या त्या विकराच्या खोबणीत औषधाचा मोठा रेणू मावेचना. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी युक्ती केली. शेतकरी टपोरी कणसं निवडून बियाण्याला ठेवतो ना, तसंच! विकरात थोडे थोडे बदल करायचे, त्यातलं सरस ते निवडायचं, पुन्हा बदल करायचे. अशा ११ फेऱ्या झाल्या, २७ बदल झाले आणि विकर कामाला लागलं!

२०१० साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. ९९.९५ टक्क्यांहून अधिक रेणू योग्य हाताचे! ऱ्होडियम नको, प्रचंड दाब नको, आणि टाकाऊ पदार्थ १९ टक्क्यांनी कमी. औषध रोग्याला बरं करतं, पण ते बनवताना नदी-नाले आजारी पडले तर काय उपयोग, नाही का?

विकरं अशी ‘घडवण्याची’ वाट दाखवणाऱ्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

आता तुमचं काम! चप्पल, कात्री, स्क्रू, शंख... घरात आणखी कोणत्या वस्तू डाव्या-उजव्या आहेत? आरशासमोर धरून बघा आणि यादी करा.