उन्हाने बिघडते, उन्हानेच सुधारते



विक्रोळीच्या पूर्वेला ठाण्याच्या खाडीकाठी तिवरांचे दाट रान आहे. मे महिन्याच्या भर दुपारी आपण सावली गाठतो. तिवराला ती सोय नाही. त्याची पाने दिवसभर उन्हातच असतात. मग त्यांच्या पेशींतील आनुवंशिक मजकूर उन्हाने बिघडत कसा नाही?

तो बिघडतो! पण लगेच दुरुस्तही होतो. कसा, ते पाहू.

हा मजकूर डीएनएच्या लांबलचक रेणूत ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले, की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. उन्हातील ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांसाठी ती सुमारे ४ येते. असा फोटॉन डीएनएत शोषला गेला, तर शेजारशेजारचे दोन टी एकमेकांना चिकटू शकतात. डीएनएची नक्कल होताना अशा गाठीपाशी अडखळून चुकीचे अक्षर बसले, तर ते पुढच्या नकलांतही उतरते. हेच उत्परिवर्तन.

पहिला बचाव पडद्याचा. पानाच्या बाह्यत्वचेतील फ्लॅवोनॉइड द्रव्ये अतिनील किरण शोषतात, पण प्रकाशसंश्लेषणाला लागणारा प्रकाश आत सोडतात. तरी काही फोटॉन निसटतातच.

दुसरा बचाव मोठा नवलाचा आहे. अतिनील किरणांनी मृतप्राय झालेले सूक्ष्मजीव दृश्य प्रकाशात ठेवले, तर त्यांतले पुष्कळ पुन्हा वाढू लागतात, असे आल्बर्ट केल्नर यांना १९४९ मध्ये आढळले. ही किमया फोटोलायेज या विकराची. वनस्पतींतही ते असते. ते गाठीवर बसते, ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा एक निळा-जांभळा फोटॉन शोषते आणि गाठीला एक इलेक्ट्रॉन देते. गाठ सुटते, इलेक्ट्रॉन परत येतो!

माणसाजवळ हे विकर नाही. आपल्या पेशी गाठीसकट सुमारे ३० अक्षरांचा तुकडा कापून टाकतात आणि समोरच्या धाग्यावरून वाचून तो नव्याने भरतात. एसमोर टी आणि जीसमोर सी, हा नियम येथे उपयोगी पडतो. झिरोडर्मा पिग्मेंटोझम या आनुवंशिक रोगात ही दुरुस्ती नीट होत नाही. अशा मुलांना बालपणीच त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका असतो. त्यांना उन्हापासून जपावे लागते. डीएनएच्या दुरुस्तीवरील संशोधनासाठी लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नक्कल करणारे विकर स्वतःच मुद्रितशोधनही करते. सर्व तपासण्यांनंतर सुमारे एक अब्ज अक्षरांमागे एखादीच चूक उरते.

ही उरलेली चूक नेहमीच वाईट असते का? याच खाडीच्या दक्षिणेला, ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी भुईमुगात मुद्दाम उत्परिवर्तने घडवली. त्यांतून निवडलेला टपोऱ्या दाण्याचा 'टीजी-१' हा वाण १९७३ मध्ये प्रसृत झाला. दुरुस्ती अगदी निर्दोष असती, तर निसर्गाजवळही निवडायला नवे काही उरले नसते.

आता एक प्रश्न: ७०० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनची ऊर्जा काढा. केल्नर यांनी आपले सूक्ष्मजीव फक्त लाल प्रकाशात ठेवले असते, तर काय दिसले असते?