घरचा मीडिया सर्व्हर: एकदा लिहा, प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच बसवा

व्हिडिओत कमांड भराभर गेल्या, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं किंवा फोटो स्टुडिओचं दुकान असेल, तर हा जोडधंदा चांगला आहे. लोकांच्या घरी लग्नाच्या सीडी, पेनड्राइव्ह, माऊलींची पालखी वेळापुरात मुक्कामाला असते तेव्हाचं शूटिंग, सगळं विखुरलेलं असतं. जुन्या पीसीवर जेलीफिन टाकलं की ते घरातल्या टीव्हीवर, मोबाइलवर दिसतं. जेलीफिन फुकट आणि ओपन सोर्स आहे. 2018 मध्ये एम्बीने आपला कोड बंद केला, तेव्हा त्यातूनच ते वेगळं निघालं. मग पैसे कशाचे? बसवून देण्याचे. आणि गणित तिथेच बिघडतं. पहिल्या घरी अख्खा दिवस गेला तर चालेल, दहाव्या घरीही गेला तर हातात काय उरणार?

इथे डॉकर कामाला येतं. प्रोग्रॅमला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये येतं. तो डबा कसा चालवायचा हे कंपोज फाइलमध्ये लिहून ठेवायचं: जेलीफिनची कोणती आवृत्ती, पोर्ट 8096, सेटिंगचा फोल्डर कुठे, व्हिडिओचा कुठे. व्हिडिओचा फोल्डर 'फक्त वाचा' असाच जोडा, म्हणजे टीव्हीवरून चुकून कुणी लग्न डिलीट करणार नाही! आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' लिहू नका, नेमका नंबर लिहा. नाहीतर दहा घरी दहा तऱ्हा होतात.

मग एक छोटी स्क्रिप्ट. ती डॉकर बसवते, फोल्डर तयार करते, डिस्क जोडते आणि शेवटी 'डॉकर कंपोज अप' चालवते. गिऱ्हाइकागणिक बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे फोल्डरचा पत्ता आणि डिस्कचा यूयूआयडी, वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये ठेवा. स्क्रिप्टला हात लावायचा नाही.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न: लाईट. कंपोज फाइलमध्ये रीस्टार्टपुढे 'अनलेस-स्टॉप्ड' लिहिलं की पीसी चालू झाल्यावर जेलीफिन आपोआप उठतं. पण पीसीच उठला नाही तर? बायोसमध्ये वीज परत आल्यावर चालू होण्याचं सेटिंग असतं, ते स्क्रिप्टला जमत नाही, हाताने करावं लागतं. आणि बाहेरची डिस्क यूयूआयडीने एफएसटॅबमध्ये नोंदवा. ती जोडलीच गेली नाही, तर जेलीफिनला रिकामा फोल्डर दिसतो आणि रात्री फोन येतो, "सर, आमचं लग्न गेलं."

निघण्याआधी त्यांच्यासमोर एकदा प्लग काढून परत लावून दाखवा. आधी पीसी शटडाऊन करून, हं.

डाउनलोड केलेले सिनेमे भरून देऊ नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुसऱ्या डिस्कवर बॅकअपचे पैसे मात्र वेगळे लावा, आणि बिलावर तशी वेगळी ओळ टाका.